सेंट हेलेन्सला आरव्ही घेऊन जाताय? मग आधी तो डोंगर समजून घ्या

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट सेंट हेलेन्सभोवती राखेचे ढग दिसले आणि ज्वालामुखी पुन्हा फुटल्याची हाकाटी सुरू झाली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने, म्हणजे यूएसजीएसने, खुलासा केला की डोंगर शांत आहे, पूर्वेकडून आलेल्या जोरदार वाऱ्याने १९८० च्या स्फोटाची जुनी राख उडवली आहे. खुलासा बरोबरच होता, पण त्यातून नवे प्रश्न उभे राहिले. पंचेचाळीस वर्षं पाऊस आणि बर्फ झेलूनही ही राख सुटी कशी राहिली? आणि इतक्या वर्षांनी तिथे जाऊन बघायचं तरी काय?

प्रश्न आपल्याही घरचा आहे. सिएटल, पोर्टलंड आणि बे एरियातली बरीच मराठी कुटुंबं उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की आरव्ही भाड्याने घेतात. आरव्ही म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडास-बाथरूमची सोय असलेली मोठी गाडी. यलोस्टोन, क्रेटर लेक या ठरलेल्या यादीत सेंट हेलेन्सचं नाव आलं की "ज्वालामुखी? तिकडे कशाला?" असं कोणीतरी म्हणतंच.

माझं उत्तर असं आहे की १८ मे १९८० चा स्फोट त्याच दिवशी ओसरला, पण त्याने हलवलेले दगड, राख, पाणी आणि चिखल अजून जागेवर बसलेले नाहीत. तिथे जाणारा माणूस जुन्या घटनेचं स्मारक बघत नाही, चालू असलेलं काम बघतो. हे एकदा लक्षात आलं की त्या करड्या माळरानावरची प्रत्येक गोष्ट बोलायला लागते.

## मुळात हा डोंगर फुटला का?

पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांच्या किनाऱ्याजवळ पॅसिफिकच्या तळाचा एक तुकडा उत्तर अमेरिकेच्या तुकड्याखाली सावकाश सरकतो आहे. त्याचं नाव हुआन दे फुका. खाली जाताना तो आपल्याबरोबर पाणी नेतो. ते पाणी खोलवरच्या तापलेल्या खडकात शिरलं की खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो. या वितळलेल्या खडकाला शिलारस म्हणतात. किनाऱ्याला समांतर ज्वालामुखींची जी रांग आहे, रेनियर, हूड, शास्ता आणि त्यांतला हा सेंट हेलेन्स, ती सगळी यातूनच तयार झाली.

आता खरी मेख. शिलारस सगळीकडे सारखा नसतो. आपला दख्खनचा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पातळ, वाहत्या लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झाला. त्या लाव्हात सिलिका, म्हणजे वाळूत आणि काचेत असतं ते द्रव्य, कमी होतं, त्यामुळे त्यातले वायू सहज निसटले आणि लाव्हा दूरवर पसरला. सह्याद्रीच्या कड्यांवरचे आडवे पट्टे हे त्याच थरांचे. सेंट हेलेन्सच्या १९८० च्या शिलारसात सिलिका बरंच जास्त होतं. असा रस घट्ट आणि चिकट असतो. वायू त्यात अडकून पडतात, बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि दाब वाढत जातो.

## त्या सकाळी नेमकं काय झालं?

डोंगर १८५७ पासून झोपलेला होता. २० मार्च १९८० ला ४.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि आठवडाभरात शिखरावरून वाफ निघू लागली. शिलारस वर चढून उत्तरेच्या उतारात घुसत होता, पण बाहेर येत नव्हता. त्यामुळे डोंगराची ती कूस बाहेर फुगली. रोज दीड-दोन मीटर, असं करत मेच्या मध्यापर्यंत हा फुगवटा सुमारे १४० मीटर पुढे आला होता.

स्वयंपाकघरातला कुकर आठवा. शिट्टी होण्याआधी आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, तरी त्याची एकदम वाफ होत नाही, कारण त्याच्यावर दाब असतो. त्या क्षणी कोणी झाकण उपटून काढलं, तर दाब जातो आणि पाणी एकाच वेळी भसकन उसळतं. नवी आच द्यावी लागत नाही, झाकण जाणंच पुरतं.

सेंट हेलेन्सचं झाकण म्हणजे त्याची उत्तरेची कूस. रविवार, १८ मे, सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ५.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ती कूस खाली घसरली. नोंदींमधली ही जगातली सगळ्यात मोठी दरड, सुमारे अडीच घन किलोमीटर आकारमानाची. दाब क्षणात उतरला. शिलारसातले वायू आणि खडकातलं तापलेलं पाणी एकदम फुगलं, आणि स्फोट वर न जाता बाजूने, उत्तरेकडे झाला. यालाच आडवा स्फोट म्हणतात. दगड, राख आणि तप्त वायूंचा लोट ताशी शेकडो किलोमीटर वेगाने सुटला आणि सुमारे ६०० चौरस किलोमीटर मुलूख उजाड करून गेला. बृहन्मुंबईचं क्षेत्रफळ साधारण एवढंच आहे.

मागून राखेचा खांब उभा राहिला. पंधरा मिनिटांत तो २४ किलोमीटर उंचीवर पोचला होता. पूर्वेला सुमारे १३५ किलोमीटरवरच्या याकिमा गावात भर दिवसा अंधार झाला. डोंगरावरचं बर्फ वितळून राखेत मिसळलं आणि चिखलाचे लोंढे टूटल नदीतून खाली गेले. अशा लोंढ्याला लाहार म्हणतात. त्यांनी २०० घरं आणि २७ पूल नेले, आणि पार कोलंबिया नदीतला जहाजांचा १२ मीटर खोल मार्ग सव्वाचार मीटरवर आणून ठेवला. २,९५० मीटर उंचीचा डोंगर २,५४९ मीटरवर आला.

## आधी कळलं होतं, तर माणसं का गेली?

या स्फोटात ५७ माणसांचा जीव गेला. दोन महिने इशारे मिळत होते, शास्त्रज्ञ तळ ठोकून होते, रस्त्यावर अडथळे होते. तरीही. हा आक्षेप रास्त आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा.

गेलेल्यांपैकी बहुतेक जण बंदी घातलेल्या भागाच्या बाहेर होते. त्यांनी नियम मोडला नव्हता. सीमारेषा आखताना स्फोट वर जाईल असं धरलं होतं. एवढा मोठा स्फोट आडवा होऊन इतका लांब पोचेल, याचा पुरेसा अनुभव कोणाकडे नव्हता. १९५६ मध्ये रशियातल्या कामचाटकाच्या बेझिमियानी ज्वालामुखीचा असाच स्फोट झाला होता, पण तिथे मनुष्यवस्ती नव्हती आणि त्याचा अभ्यास मोजक्यांनाच ठाऊक होता. शिवाय बंदी उठवा म्हणून दबाव होता. आदल्या दिवशी, शनिवारी, घरमालकांना पोलिसांसोबत आत जाऊन सामान आणू दिलं होतं. दुसरी तुकडी रविवारी सकाळी दहाला निघणार होती. स्फोट दीड तास उशिरा झाला असता तर मृतांचा आकडा वाढला असता. सोमवारी झाला असता तर जंगलतोडीचे शेकडो कामगार कामावर असते.

डेव्हिड जॉन्स्टन हा यूएसजीएसचा ३० वर्षांचा शास्त्रज्ञ शिखरापासून दहाएक किलोमीटरवरच्या टेकडीवर निरीक्षणाला बसला होता. "व्हँकुव्हर! व्हँकुव्हर! धिस इज इट!" एवढं रेडिओवर बोलून तो गेला. हे व्हँकुव्हर म्हणजे कॅनडातलं नव्हे, वॉशिंग्टन राज्यातलं त्याच नावाचं गाव. तिथे शास्त्रज्ञांचं कार्यालय होतं. त्याच्या आधी दोन आठवडे त्या जागेवर हॅरी ग्लिकन हा तरुण संशोधक होता, तो आदल्या संध्याकाळी खाली उतरला. पुढे ग्लिकनने याच दरडीचा अभ्यास केला, आणि १९९१ मध्ये जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर त्याचाही जीव गेला. आज आपल्याला जी पूर्वसूचना मिळते, तिची किंमत या दोघांनी मोजली आहे. जॉन्स्टनच्या त्या टेकडीला आता जॉन्स्टन रिज म्हणतात.

## इतक्या वर्षांनी बघायला काय उरलंय?

सगळ्यात आधी उत्तरेकडून तो डोंगर बघा. शिखराच्या जागी घोड्याच्या नालेसारखं विवर, उत्तरेला पूर्ण उघडं, सुमारे दोन किलोमीटर रुंद. त्याच्या मध्यभागी लाव्हाचे घुमट आहेत, काही १९८० ते १९८६ मध्ये वाढलेले, काही २००४ ते २००८ मध्ये. त्यांना वेढून एक हिमनदी बसली आहे. ती स्फोटानंतर, विवराच्या सावलीत साचलेल्या बर्फातून तयार झाली. जगभर हिमनद्या आटत असताना ही नव्याने जन्माला आली, हे मला फार विलक्षण वाटतं.

आता पायाखालची राख. ती चुलीतल्यासारखी जळून उरलेली नसते. शिलारसातला वायू फुगताना तो रस फुटून त्याचे बारीक तुकडे होतात, म्हणजे ही काच आणि दगड यांची भुकटी असते. चिमूटभर घेऊन बोटांत चोळली तर कचकचते, आणि भिंगाखाली तिचे कण धारदार, तिरपे दिसतात. ती पाण्यात विरघळत नाही. तिला धरून ठेवायला मुळं लागतात आणि माती लागते, आणि विवराजवळच्या मोठ्या भागात दोन्ही अजून पुरेशी नाहीत. उभ्या कड्यांवरून दगड सतत ढासळून नवी धूळ होत असते, ती वेगळीच. म्हणून कोरड्या दिवसात मोठा वारा सुटला की ढग उठतात, आणि दरवेळी कोणीतरी घाबरतं.

पूर्वेच्या विंडी रिजवरून स्पिरिट लेक दिसतं. दरड या तळ्यात कोसळली तेव्हा पाणी समोरच्या डोंगरावर चढलं आणि परतताना उन्मळलेली हजारो झाडं घेऊन आलं. ती आजही तरंगत आहेत. वारा फिरला की ओंडक्यांचा तो सगळा तांडा एका काठावरून दुसऱ्या काठाला जातो. सकाळी मोकळं दिसलेलं पाणी दुपारी लाकडांनी झाकलेलं असू शकतं. आजूबाजूच्या उतारांवर जे वृक्ष पडले आहेत, ते बघताना त्यांची दिशा बघा. एका उतारावरची सगळी खोडं एकाच बाजूला डोकं करून आडवी झालेली दिसतात. लोट कुठून आला आणि कुठल्या टेकडीला वळसा घालून गेला, ते त्या खोडांवरून आजही वाचता येतं.

## हे तळं अजून धोक्याचं का आहे?

या भागाकडे पर्यटकांचं लक्ष जात नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

दरडीने स्पिरिट लेकची पाणी बाहेर जायची वाट बुजवली आणि तळ्याची पातळी सुमारे ६० मीटर उंचावली. पाणी अडवून धरणारा बांध म्हणजे दरडीचाच सुटा ढिगारा. पाणी त्याच्यावरून वाहू लागलं तर ढिगारा कापला जाईल, आणि तळं खालच्या टूटल खोऱ्यातल्या गावांवर रिकामं होईल. म्हणून १९८२ मध्ये आधी पंप बसवून पाणी उपसलं, आणि १९८५ पर्यंत लष्कराच्या अभियंत्यांनी बाजूच्या खडकातून २.६ किलोमीटरचा बोगदा काढला. तळ्याचं पाणी आजही त्या एकाच वाटेने जातं. खडक आतून दाबत असल्याने बोगद्याची पुन्हा पुन्हा दुरुस्ती करावी लागते. दुरुस्तीची यंत्रं न्यायला माळरानातून रस्ता काढायचा, तर चाळीस वर्षं जपलेले संशोधनाचे पट्टे उखडतील, यावरून बराच वाद झाला आहे. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. पण खाली हजारो लोक राहतात, आणि शेवटी कौल त्यांच्या बाजूने द्यावा लागतो असं माझं मत आहे.

नदीचीही तीच गत. दरडीचा गाळ टूटलमधून अजून खाली येतो. तो अडवायला १९८९ मध्ये मोठा बांध बांधला, तो भरत आल्यावर २०१२ मध्ये त्याचा सांडवा उंचावला. बांधामुळे सामन माशांची वाट अडली, म्हणून खाली त्यांना पकडून ट्रकमधून वर नेऊन सोडतात. आणि १४ मे २०२३ ला, बर्फ वितळण्याच्या दिवसांत, दगडमातीचा लोंढा येऊन जॉन्स्टन रिजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा पूलच घेऊन गेला.

## निसर्ग सावरला म्हणतात, तो कसा?

स्फोटानंतर अनेकांना वाटलं होतं की जीवन बाहेरून, काठाकाठाने, हळूहळू आत येईल. प्रत्यक्षात पुष्कळ काही आतच जिवंत राहिलं होतं. मे महिना असल्याने उंचावर बर्फ होतं. बर्फाखाली दबलेली लहान झाडं वाचली, गोठलेल्या तळ्यांतले बेडूक आणि पालीसारखे दिसणारे सॅलॅमँडर वाचले. बिळात राहणारा, उंदराच्या जातकुळीचा गोफर नावाचा प्राणी वाचला. स्फोट सकाळचा होता, त्यामुळे रात्री हिंडणारे प्राणी बिळात होते. दुपारी झाला असता, किंवा ऑगस्टमध्ये, तर आज वेगळंच जंगल दिसलं असतं.

सगळ्यात होरपळलेल्या माळरानावर, जिथे काहीच शिल्लक नव्हतं, १९८१ मध्ये ल्युपिनचं एक रोप सापडलं. ल्युपिन हरभरा-तुरीच्या कुळातलं. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, म्हणून निव्वळ दगडाच्या भुकटीत ते तगलं, आणि त्याच्या आडोशाने बाकीच्यांची सोय झाली. १९८३ मध्ये संशोधकांनी याच माळावरच्या काही कुंपण घातलेल्या तुकड्यांत गोफर आणून एक दिवस सोडले. त्यांनी उकरून खालची जुनी माती आणि तिच्यातली बुरशी, जिवाणू वर आणले. सहा वर्षांनी त्या तुकड्यांवर सुमारे ४० हजार रोपं होती, बाजूची जमीन बहुतेक उघडीच होती. चाळीस वर्षांनी तिथल्या मातीतल्या सूक्ष्मजीवांवरही त्या एका दिवसाचा ठसा सापडला.

"मग आपोआपच सावरलं ना, संशोधन कशाला?" याचं उत्तर रस्त्याच्या कडेलाच मिळतं. १९८२ मध्ये कायद्याने सुमारे ४४५ चौरस किलोमीटर भाग राखून ठेवला आणि तिथे हात लावायचा नाही असं ठरवलं. त्या बाहेर लाकूड कंपनीने पडलेली झाडं उचलली आणि फरची रोपं लावली. आज ५०४ क्रमांकाच्या रस्त्यावरून जाताना आधी एकाच वयाचं, एकाच उंचीचं दाट जंगल लागतं. पुढे राखीव भागात ठिगळाठिगळाचं रान सुरू होतं, कुठे आल्डरच्या झाडांची गर्दी, कुठे गवत, कुठे नुसता दगड. पक्षी आणि फुलं या दुसऱ्या भागात जास्त प्रकारची आहेत. दोन्ही एकाच गाडीतून, एकाच दिवसात शेजारी शेजारी बघायला मिळतात.

## आपण तिथे असताना फुटला तर?

गेल्या चार हजार वर्षांत या रांगेतला सगळ्यात जास्त वेळा जागा झालेला डोंगर हाच आहे, तेव्हा तो पुन्हा जागा होणार हे नक्की. पण न सांगता जागा होण्याची शक्यता आता फार कमी आहे. १९८० नंतर व्हँकुव्हर गावात ज्वालामुखी वेधशाळा उभी राहिली. डोंगरावर भूकंपमापक आहेत, जमीन किती फुगली ते मोजणारी जीपीएस उपकरणं आहेत, वायू मोजले जातात. २३ सप्टेंबर २००४ ला छोटे भूकंप सुरू झाले, १ ऑक्टोबरला वाफ उसळली, आणि दुसऱ्याच दिवशी जॉन्स्टन रिजवरच्या पर्यटकांना खाली आणलं. मग २००८ च्या जानेवारीपर्यंत विवरात लाव्हा वर येत राहिला. कोणालाही इजा झाली नाही.

यूएसजीएस धोक्याचा रंग जाहीर करते: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. हिरवा असताना छोटे भूकंप होत असतात, ते नेहमीचेच. घरच्यांना तो रंग दाखवा, समजूत लवकर पटते.

## आरव्हीने कसं जायचं?

दोन बाजू आहेत, आणि एका दिवसात दोन्ही होत नाहीत. पश्चिमेकडून जायचं तर आय-फाइव्ह महामार्गावर कॅसल रॉकला बाहेर पडायचं. सिएटलहून ते सुमारे १८५ किलोमीटर, पोर्टलंडहून ९०. तिथून ५०४ नंबरचा रस्ता रुंद आणि पक्का आहे, मोठी आरव्हीही आरामात जाते. पेट्रोल कॅसल रॉकलाच भरून घ्या. सुरुवातीलाच सीक्वेस्ट स्टेट पार्क लागतं. तिथे काही जागांवर आरव्हीला वीज-पाण्याची जोडणी मिळते, पण उन्हाळ्यात बरंच आधी आरक्षण करावं लागतं. समोरच माहिती केंद्र आहे, पोरांना आधी तिथे न्या. पूल वाहून गेल्यापासून गाड्या कोल्डवॉटर लेकपर्यंत जातात. पुढचा रस्ता कधी उघडतो ते निघण्याआधी वनखात्याच्या पानावर बघा. आई-बाबांना जास्त चालवत नसेल तरी कोल्डवॉटरच्या काठाची वाट सोपी आहे, आणि ते तळंही १९८० च्या दरडीनेच तयार केलेलं आहे.

विंडी रिजचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, बर्फामुळे उन्हाळा चांगला सुरू होईपर्यंत बंद असतो. तिकडे मोठी आरव्ही नेऊ नका. ती कॅम्पग्राउंडवर ठेवून छोटी गाडी घ्या. दक्षिणेला एप केव्ह ही लाव्हाने बनवलेली गुहा आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरातून एकदा पातळ, दख्खनसारखा बसाल्ट वाहिला. वरचा थर थिजला, आतला लाव्हा वाहून गेला आणि चार किलोमीटरची पोकळ नळी राहिली. ऐन जुलैतही आत पाच-सहा अंश तापमान असतं, म्हणून स्वेटर आणि प्रत्येकाला टॉर्च हवाच. वाहनतळाचं आरक्षण आधी करावं लागतं.

जुलै ते सप्टेंबर हे महिने बरे, तरी ढगांमुळे डोंगर दिवसभर दिसत नाही असंही होतं. एक दिवस हाताशी जादा ठेवा. राखीव भागात पायवाट सोडू नका, कुत्र्यांनाही तिथल्या बहुतेक वाटांवर बंदी आहे. पाण्यावर तरंगणारा तो हलका प्युमिस दगड पोरांच्या हातात द्या, बघू द्या, आणि होता तिथेच ठेवायला सांगा. तो उचलून नेणं हा गुन्हा आहे.